बी६५० वाल्यांना लुडो खेळायला सांगणाऱ्या महाभागास

रात्रीचर:
परवा इथे मदरबोर्डच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "एएमडीचा ७८००एक्स३डी प्रोसेसर घेऊन तो साध्या बी६५० बोर्डावर बसवणं म्हणजे पैठणी नेसून पायात स्लिपर. गेमिंग करायचं तर महागडा एक्स८७०ई बोर्ड, नाहीतर मोबाईलवर लुडो खेळा." दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही.

अहो, तो प्रोसेसर गेममध्ये शंभर वॅटच्या आतच खेळतो. त्याला वीस फेजचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) म्हणजे दोघांच्या पिठल्याला लग्नातलं पातेलं. आणि एक्स८७०ई मध्ये आहे काय? बी६५० चीच चिपसेटची चिप (यूएसबी, एसएसडी वगैरे जोडण्या सांभाळणारी), एकाऐवजी दोन, एकीच्या शेपटीला दुसरी. दोघींना मिळून प्रोसेसरकडे जायचा रस्ता एकच, पीसीआयई जेन ४ च्या ४ लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा. गाव वाढलं, एसटी तीच. ग्राफिक कार्ड तर थेट प्रोसेसरला जोडलेलं, चिपसेटचा त्याच्याशी संबंध नाही. माझा बोर्ड साडेचौदा हजारांचा. वाचलेले तीस हजार कार्डात घातले.

बटणबहाद्दर:
तो महाभाग मीच. लुडोचं मागे घेतो, बाकीचं नाही.

माझ्या भाच्याने असाच 'व्हॅल्यू फॉर मनी' बी६५० घेतला होता. नंतर नवा ९८००एक्स३डी प्रोसेसर आणला, बसवला, स्क्रीन काळी. बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, जुना. प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं फ्लॅशबॅकचं बटण नाही, एरर कोड दाखवणारा डिस्प्ले नाही, जुना प्रोसेसर आधीच विकलेला. लॅमिंग्टन रोडला बोर्ड पिशवीत घालून गेलो, दुकानदाराने बायोस टाकायचे पाचशे घेतले आणि वर "घरी कशाला असेंबल करता" हे ऐकवलं. माझ्या बोर्डावर प्रोसेसर नसतानाही बायोस जातो. फ्रेम मोजत बसा तुम्ही.

रात्रीचर:
फ्लॅशबॅक माझ्या साडेचौदा हजारवाल्यातही आहे. बोर्ड घेताना मागची पोर्ट-बटणांची पट्टी बघायची असते, नुसतं नाव नाही. आणि तुमच्या एक्स८७०ई वर दुसऱ्या एम.२ खाचेत एसएसडी टाकलीत का? कित्येक बोर्डांवर ती टाकली की कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. पंचेचाळीस हजार देऊन घरातच वाटणी.

बटणबहाद्दर:
जेन ५ च्या ८ म्हणजे जेन ४ च्या १६. गणित शिका.

रात्रीचर:
जेन ५ चं कार्ड असेल तर. तुमचं कुठलं आहे?

बटणबहाद्दर:
तो मुद्दा नाही.

वाशिष्ठीकाठ:
दोघेही चालू द्या. माझे तीन वर्षांत दोन बोर्ड गेले, एक स्वस्त, एक महाग. दोन्ही पावसाळ्यात, दोन्ही लाईट जाऊन आल्यावर. चिपसेट राहू दे बाजूला, तुमच्या घरात अर्थिंग आहे का? कॅबिनेटच्या स्क्रूला उलटा हात लावून बघा. झिणझिण्या आल्या तर चर्चा इथेच थांबवा.

सोल्डरकाकू:
झिणझिण्यांनी बोर्ड जात नाही हो. एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये, फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर शंभरेक व्होल्ट दिसतात, पण करंट अगदी किरकोळ. बोर्ड मारतो तो लाईट परत येतानाचा झटका. बावीस वर्षं रिपेअरिंग करतेय.

वाशिष्ठीकाठ:
आणि तो झटका जिरवणारा सर्ज प्रोटेक्टर अर्थ नसेल तर निम्मं काम कसं करणार, तेही सांगा की. आमच्या घरमालकाने तीन पिनी सॉकेट बसवलंय, मागे वायर दोनच! विचारलं तर म्हणे, "अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात आहे." आहे खरा. वडिलांच्या काळात मीठ-कोळसा भरलेला, त्यावर आता तुळशीवृंदावन.

सोल्डरकाकू:
तेवढं मान्य. पण मग बोर्डांना दोष देऊ नका.

वाशिष्ठीकाठ:
मी कुठे दिला? वाचता तरी का नीट? बावीस वर्षं रिपेअरिंग म्हणे!

बटणबहाद्दर:
धागा मदरबोर्डचा आहे, तुळशीचा नाही.

हळूबूट:
इंटेलवाल्यांना कोणी विचारतंय का? झेड७९० बोर्ड घेतला, प्रोसेसर १३ वी पिढी. बोर्डाने आपणहून पॉवर लिमिट उठवलेली, प्रोसेसर व्होल्टेज जास्त मागायचा आणि गेम मध्येच बंद. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर) आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. तोवर मी रॅम बदलली, एसएसडी बदलली, विंडोज सहा वेळा टाकलं. आणि १४ व्या पिढीनंतर सॉकेटच (प्रोसेसर बसायची जागा) नवीन. निदान तुमचा एएमडीचा एएम५ सॉकेट तरी टिकतोय, भांडा सुखाने.

रात्रीचर:
हाच तर माझा मुद्दा. सॉकेट टिकणार असेल तर बोर्ड साधा घ्या, पुढे प्रोसेसर बदला.

बटणबहाद्दर:
उलट! सॉकेट टिकणार म्हणूनच बोर्ड एकदाच चांगला घ्या. असो. माझे तिन्ही एम.२ भरलेत, यूएसबी४ वर रोज व्हिडिओ उतरवतो. तुम्ही फक्त गेम खेळत असाल तर बी६५० पुरतो. घ्या, म्हटलं एकदाचं. फ्रेम करून भिंतीवर लावा.

रात्रीचर:
लावतो. आणि वाशिष्ठीकाठ, तुमच्या नादाने आत्ता कॅबिनेटला टेस्टर लावला. पेटला. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, सातशे मागतोय. ते बटणबहाद्दरांच्या हिशोबात धरू नयेत.