एअरगनचा छर्रा पायात घुसलाय, घरीच काढू का?

कोथरूडकर: सोसायटीत एकजण कबुतरं हाकलायला एअरगन चालवतो, आत्ता त्याचा छर्रा भाच्याच्या पोटरीत घुसला, भोक एवढुस्संच आहे, रक्तपण थांबलंय, तर चिमट्याने काढून हळद भरली तर चालेल का?

पेठेतला: अहो चिमटा अजिबात घालू नका!! छर्रा आत कुठे गेलाय ते वरून कळत नाही, एक्सरेच लागतो. हळद, टूथपेस्ट काही नको, वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि आजच कॅज्युअल्टीत न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या ५ वर्षांत झालं नसेल तर तेही घ्यावं लागेल.

कोथरूडकर: पण मग पोलीस केस होईल ना?

हडपसरची नर्स: एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, होणारच, पोलिसांना हॉस्पिटलच कळवतं, त्याला काय घाबरायचं. उपचार आधी, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडलं, किंवा रक्त परत भळाभळा यायला लागलं तर जखम घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका, आणि १०८ लावा. डोळा, मान, छाती, पोट इथे लागलं असतं तर भोक केवढं हे बघतसुद्धा बसायचं नसतं.

पेठेतला: आणि त्या कबुतरवाल्याची गन काढून घ्या राव आधी.