आळस की दाह?

पडवी : 'आळसाला औषध एकच, पहाटे पाचचा गजर' या कालच्या लेखाने आजारातून उठलेल्यांनाही त्याच काठीने हाकलले आहे, म्हणून हे लिहीत आहे. २००६ च्या साथीत मला चिकुनगुन्या झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र चार महिने धरलेले होते. त्या काळात मुलाने हातात आणून दिलेले पोहे मी चवीने खात असे. तेच पोहे ओट्यावर झाकून ठेवलेले असले, तर भूक असूनही उठवत नसे. आवड शाबूत होती, उमेद गेली होती. अंगात दाह, म्हणजे आजाराशी लढताना शरीरात उठणारी सूज-जळजळ, चालू असताना सायटोकाइन ही प्रतिकारशक्तीची निरोप्या प्रथिने मेंदूपर्यंत खबर पोहोचवतात आणि कष्ट करून काही मिळवण्याची ओढ मेंदूतल्या ज्या डोपामिन रसायनावर चालते, त्याचेच काम मंदावते. इंटरफेरॉनचे, म्हणजे अशाच एका सायटोकाइनचे, उपचार घेणाऱ्या हेपॅटायटिस सीच्या रुग्णांत हे दिसून आले आहे. आजारी जनावर कोपरा धरते, ते शक्ती आजाराशी झुंजण्यासाठी राखण्याकरिता, असे पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्येच मांडले होते. त्या जनावराला कोणी गजर लावत नाही.

शंकेखोर : चार महिने सांधे दुखले की कोणीही खचेल, त्यासाठी सायटोकाइन कशाला हवीत? दाह हेच कारण असेल, तर तो शमवल्यावर मन उभारी धरायला हवे. २०१३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाह शमवणाऱ्या औषधाची चाचणी झाली आणि एकूण गटात ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा, सरस ठरले नाही.

पडवी : पुढचे वाक्य सोयीस्करपणे गाळलेत. ज्यांचे सीआरपी, म्हणजे दाह असताना रक्तात वाढणारे प्रथिन, ५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर होते, त्यांच्यात औषधाच्या बाजूने कल दिसला.

मोगरा : सीआरपीचे नाव काढू नका. सासूबाईंनी 'संपूर्ण तपासणी'च्या पॅकेजमध्ये ऐन सर्दीत रक्त दिले, आकडा वाढलेला आला आणि घरात तीन आठवडे सुतक असल्यासारखे वातावरण होते. दाह आहे एवढेच तो आकडा सांगतो, कुठे आणि कशामुळे ते नाही. शेवटी शेजारच्या काकूंच्या हळदीच्या दुधाने बरे वाटले.

शंकेखोर : सर्दी दुधाविनाही बरी होते. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते.

मोगरा : आजीचे सगळे खोटे आणि तुमचे तेवढे शास्त्र! काळी मिरी घातली की ते जास्त शोषले जाते, हेही शास्त्रच सांगते. आमच्या घरी मिरी घालूनच दूध देतात.

शंकेखोर : शोषले गेले म्हणजे उमेद परत आली, असे होत नाही. धागा दुधावर नाही.

मोगरा : मग माणसाच्या दुखण्याला 'कोणीही खचेल' म्हणून वाटेला लावू नका.

शंकेखोर : बरे, ते वाक्य मागे घेतो. खचलेल्या माणसाला बहुधा हातातले पोहेही गोड लागत नाहीत, तेव्हा पडवी यांचे पोहे मान्य. ६० रुग्णांतल्या एका उपगटाचा 'कल' मात्र मान्य नाही.

पडवी : एवढे मिळाले, उपकार झाले. आता हेच त्या गजरवाल्यांना जाऊन सांगा.