लाल जेलीवाला जुना इंग्लिश पिक्चर, नाव सांगा कुणीतरी

भडंगप्रेमी:
मंडळी एक पिक्चर शोधतोय, डोक्याचा भुगा झालाय. ८५-८६ साल असंल, मिरजेत मामाच्या गल्लीत गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणायचे, आधी दोन हिंदी आणि पोरं जागी राहिली तर तिसरा इंग्लिश, त्यातला हा. आकाशातनं दगड पडतो, एक म्हातारा त्याला काठीनं टोचतो, तर आतलं चिकट काहीतरी काठीवरनं सरसर येऊन हातालाच बसतं आणि मग माणसं गिळत गिळत लालभडक मोठं होत जातं. थेटरातनं पब्लिक बोंबलत बाहेर पळतं हे लख्ख आठवतंय. दुसऱ्या दिवशी मामीनं जाम-चपाती दिली, मी हात लावला नाय. नाव काय ह्याचं?

कृष्णाकाठ:
द ब्लॉब, १९५८. डोळे झाकून सांगतो. ८८ ला परत काढला होता पण तुझं साल बघता जुनाच. स्टीव्ह मॅक्वीनचा पहिला मेन रोल, शाळकरी पोरगं दाखवलंय आणि बाबा शूटिंगला सत्तावीसचा घोडा 😂 जेली म्हणजे सिलिकॉनमध्ये लाल रंग कालवलेला, घरांची छोटी मॉडेलं करून ती तिरकी करायची, जिकडं उतार तिकडं राक्षस.

पोवईनाका_सातारा:
त्यात भ्यायचं काय पण? मी हल्ली बघितला, अर्धा पिक्चर नुसती पोलीस स्टेशनात बडबड.

कृष्णाकाठ:
भावा ती बडबड पैसे नसल्यामुळंच. राक्षस दाखवायचा म्हणजे खर्च, मग पोरं सांगतायत आणि मोठी माणसं ऐकत नायत हेच ताणायचं, आणि खरं सांगू का, मला तेच जास्त टोचतं, आपण घसा फोडून सांगतोय आणि समोरचा म्हणतोय घरी जा बाळ. बजेट नसताना राक्षस दाखवायची हौस केली की काय होतं बघायचंय तर रोबॉट मॉन्स्टर बघ, १९५३ चा. चंद्रावरनं आलेला रोबॉट म्हणून गोरिलाचा ड्रेस आणि वर पाणबुड्यासारखं हेल्मेट. ड्रेस ॲक्टरचा स्वतःचा होता, म्हणून त्यालाच घेतला.

पोवईनाका_सातारा:
आयला, आमच्या गल्लीतल्या पोरांनी ह्यापेक्षा बरा देखावा केला असता.

हळदभवन:
थेटरवाला सीन पेन्सिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिलच्या कलोनियल थेटरचा आहे. ते अजून चालू आहे आणि तिथं दरवर्षी ब्लॉबफेस्ट भरतो, पब्लिक मुद्दाम थेटरातनं बोंबलत पळत बाहेर येतं. आपल्याकडं असं कायतरी पाहिजे राव. आणि मूळ सीनमध्ये पळणाऱ्यांकडं नीट बघा, काही जण चक्क हसतायत.

भडंगप्रेमी:
सापडला!! लई आभार. काल रात्री पोराला घेऊन बघितला. पोरगं आधी हसत होतं, मग तो म्हातारा काठी झटकतो आणि ते सुटतच नाय तिथं गप्प झालं. शेवटी गारठ्यानं ते थिजतं, विमानातनं बर्फात नेऊन टाकतात, पडद्यावर 'दी एंड' येतं आणि त्याचंच प्रश्नचिन्ह होतं, हे मी साफ विसरलो होतो. संपल्यावर पोरगं भूक लागली म्हणून फ्रिजकडं गेलं आणि जामची बाटली काढली. म्हटलं ऱ्हाऊदे, भडंग खा.