मदत हवी: रस्त्याखालून ड्रेनेज लाइन जाऊन राहिली, भिंतीला तडे, काळी माती की खोदकाम?

नमस्कार मंडळी, कोणी सिव्हिलवाले असाल तर सांगा प्लीज. घर नागपुरात, खामल्याकडे, आजोबांच्या काळातलं, विटांच्या लोडबेअरिंग भिंती (छताचा भार भिंतींवरच), पुढे बाबांनी रस्त्याच्या बाजूनं कॉलमवाला पोर्च जोडला. आता रस्त्याखालून ड्रेनेजची मोठी लाइन चालली आहे, सगळा रस्ता न खोदता चौकात एक खोल खड्डा करून तिथून जॅकनं पाइप ढकलत नेऊन राहिले. खड्ड्यातला पंप रात्रंदिवस चालू. आमच्या विहिरीचं पाणी इतकं उतरलं की कोजागिरी नुकतीच झाली तरी एरवी पाण्याखाली असणारी शेवाळाची पट्टी कोरडी पडून पांढुरकी झाली.

समोरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपा तडा गेलाय, वरती रुंद आणि खाली केसाएवढा. पोर्च जुन्या भिंतीला जिथं टेकतो तिथं उभी फट. सुपरवायझर म्हणते, "भाऊ, मशीन अजून तुमच्या घरापाशी आलंच नाही, तं आमचा काय संबंध, काळ्या मातीत तडे पडतेच." खोटंही नाही नं ते, दर उन्हाळ्यात आमच्याकडे बारीक तडे दिसतातच. मग हे काहून वेगळं वाटून राहिलं?

मुरूमवाला: वेगळं आहे म्हणूनच वाटतंय. काळी माती उन्हाळ्यात आकसते नि पावसात फुगते, म्हणजे मे महिन्यातला तडा आतापर्यंत मिटायला हवा. तुमचा पावसाळ्यानंतर उघडलाय. मशीन आलं नाही हे खरं असेल, पण पाणी आधीच गेलंय की! पाइपपेक्षा थोडी जास्त माती निघते, त्यानं वर जो उथळ खळगा पडतो तो चिकणमातीत पाइपच्या मध्यरेषेपासून, पाइप जितका खोल त्याच्या साधारण सव्वा ते दीडपटच पसरतो. पंपामुळे भूजल उतरतं ते त्याच्या कितीतरी पुढे जातं. पाण्याचा दाब कमी झाला की वरचा भार मातीच्या कणांवर येतो, आणि चिकणमाती हळूहळू दबत राहते, अगदी काही महिने. खाली लगेच मुरूम किंवा काळा दगड असेल तर फारसं होत नाही, म्हणून एकाच गल्लीत एक घर ठणठणीत तर दुसऱ्याला तडे.

वर रुंद होणारा तिरपा तडा म्हणजे बहुतेक रस्त्याकडचं टोक खाली बसतंय. पोर्चचे फुटिंग (कॉलमखालचा पाया) आणि जुन्या भिंतीचा पाया वेगवेगळ्या खोलीवर असणार, दोघं सारखे बसत नाहीत म्हणून ती उभी फट. घाबरू नका, ५ मिमीपर्यंतचे तडे सहसा बुजवून भागतात, १५ मिमीच्या पुढे गेले तर मोठं काम निघतं. पण पाण्याला हलकं घेऊ नका. कोलकात्यात ऑगस्ट २०१९ मध्ये बहूबाजारला मेट्रोच्या मशीननं पाणी धरलेल्या थराला धक्का दिला, माती वाहून बोगद्यात आली आणि जुनी घरं कोसळली. तुमच्याकडे काम त्यामानानं फारच लहान, तरी पंपातून गढूळ पाणी येतंय का बघा, माती वाहून येत असेल तर ताबडतोब बोंब मारा.

रामटेककर: तड्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा दादा, काच तडकली म्हणजे हालचाल चालूच आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख टाका. विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी रोज एकाच वेळेला लिहा. आणि काम सुरू व्हायच्या आधी घरांचा सर्व्हे केला होता का, रस्त्यावरच्या लेव्हल मार्करचे (जमीन किती खचली ते मोजायच्या खुणांचे) रीडिंग कुठं आहेत, हे लेखी विचारा, अर्जावर पोच घ्या. तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही बाप्पा. स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअरही एकदा आणून दाखवा.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांनाही. सर्व्हेला कोणी आलंच नव्हतं, हे लिहूनच देतो. एकच शंका, पंप बंद झाला न् पाणी वर आलं तर घर पहिल्यासारखं होईल का? दिवाळीला तडा बुजवून रंग मारायचा होता.

मुरूमवाला: दबलेली माती पूर्ण वर येत नाही. काळी माती फुगून थोडी उचलेल, पण सगळीकडे सारखी नाही. मशीन घरापुढून जाऊ द्या, पाणी भरू द्या, एक पावसाळा जाऊ द्या. या दिवाळीला तिथं कॅलेंडर टांगा, रंग पुढच्या वर्षी.