काखेत डोकं घेतलेल्या राणीचं गाणं

‘कापलेलं डोकं काखेत घेऊन किल्ल्यात फिरणारी राणी, चाल गमतीशीर’ एवढ्याच खुणा सांगून जुनं इंग्रजी म्युझिक हॉलचं गाणं कोणतं असं कुणी विचारलं, तर ते ‘विथ हर हेड टक्ड अंडरनीथ हर आर्म’च. (काखेत कळसा नव्हे, थेट डोकं!) भूत ॲन बोलिनचं, म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या शिरच्छेद झालेल्या राणीचं; जागा टॉवर ऑफ लंडन हा किल्ला. गीत आर. पी. वेस्टन आणि बर्ट ली यांचं, गाजवलं इंग्रज नट-गायक स्टॅन्ली हॉलोवेने.

शोध फसतो तो सालामुळे. म्युझिक हॉल (इंग्लंडमधली जुनी गाणी-विनोदांची रंगमंचीय करमणूक) म्हटलं की लोक १८९०-१९१० चाळतात, हे १९३४चं. शिवाय शीर्षकात राणीचं नावच नाही, त्यामुळे तिच्या नावाने सूची धुंडाळून उपयोग नाही. ध्रुवपदाचे शब्द अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर गीतकारांच्या नावाने शोधा. १९१०चं ‘आय ॲम हेन्री द एट्थ, आय ॲम’ही समोर येईल. त्यातही वेस्टनचा हात आहे, म्हणून गल्लत होते. पण त्यात ना राजा, ना भूत.

आठवणीतलं कडवं ध्वनिमुद्रिकेत सापडलं नाही तर लगेच गाणं चुकलं समजू नका. १० इंची ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटं मावत, त्यामुळे कडवी गाळली जात. छापील स्वरलिपीशी ताडून बघा.