मदत हवी आहे : अवध बिक्वेस्टची कागदपत्रं कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी. अवधचा नवाब गाझीउद्दीन हैदर याने १८२५ साली कंपनी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. ब्रह्मदेशाच्या लढाईने कंपनीची तिजोरी खंगली होती. मुद्दल परत मागायचं नाही, ५ टक्के व्याज मात्र कायम. व्याजातून नेमलेल्या माणसांना तनखे मिळायचे आणि त्यांच्यामागे त्यातला वाटा इराकमधल्या नजफ-करबल्याच्या मुज्तहिदांकडे, म्हणजे शिया धर्मशास्त्र्यांकडे, गोरगरिबांना वाटायला जायचा; हाच अवध बिक्वेस्ट.

खरी गंमत इथे आहे. पैसा दानाचा, पण किल्ली बगदादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हाती. नजफचे मोठे मुज्तहिद शेख मुर्तझा अन्सारींनी पुढे या वाटपातून अंगच काढून घेतलं. १९०३ मध्ये वाटप करणाऱ्यांची संख्या वाढवली. कारण दिलं गैरव्यवहाराचं, पण तेहरानमधले इंग्रज राजदूत आर्थर हार्डिंग यांना या पैशातून इराणच्या राजकारणात मुज्तहिदांवर वजन पाडायचं होतं. हिशेब तपासायच्या नावाखाली दानालाच कामाला जुंपलं, असं माझं मत.

कतार डिजिटल लायब्ररी आणि अभिलेख पटल (राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल) चाळतोय. मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, बगदाद रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार कुणी पाहिलाय का? कोणत्या विभागाच्या दप्तरात शोधू, पॉलिटिकल की सीक्रेट? फोटो काढू देतात का? आणि फारसी पावत्या वाचून देणारं कुणी पुण्या-मुंबईत असेल तर कृपया सांगा, योग्य मानधन देईन.