डिप्लॉयमेंट आणि ऑडिट : लावणे, लागणे आणि लागल्याची पडताळणी

विचारणा

आमच्या संस्थेच्या संगणक विभागासाठी मराठीत कार्यपद्धतीची पुस्तिका तयार होत आहे. निरनिराळ्या गावांतील शाखांच्या संगणकांवर एका केंद्रातून सॉफ्टवेअर पाठवून बसवणे, आणि पुढे कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे तपासत राहणे, ही त्या विभागाची दोन मुख्य कामे आहेत. एका मसुद्यात त्यांना 'तैनाती' आणि 'लेखापरीक्षण' म्हटले आहे, तर दुसऱ्यात 'उपयोजन' आणि 'अंकेक्षण'. यांतील कोणती जोडी स्वीकारावी?

उत्तर

'उपयोजन' घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. 'उपयोजित कला', 'उपयोजित भाषाविज्ञान' या प्रयोगांमुळे तो शब्द ज्ञानाच्या व्यावहारिक वापराशी बांधला गेला आहे, आणि काही लेखक तो 'अ‍ॅप्लिकेशन'साठीही वापरतात. तेव्हा 'उपयोजनाचे उपयोजन' असे लिहिण्याची वेळ येईल. 'अंकेक्षण' हिंदीत रूढ आहे, पण बहुसंख्य मराठी वाचकांना तो अडखळायला लावील.

'तैनाती'ची गोष्ट वेगळी आहे, कारण हा शब्द मराठीत जुना आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत 'तैनात' म्हणजे नेमणूक आणि त्या नेमणुकीचे वेतनही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात, पेशव्यांच्या खर्चाने, पण कंपनीच्या हुकमतीखाली राहू लागली. तेव्हापासून या शब्दात मुक्काम येथे आणि हुकूम बाहेरचा ही छटा पक्की झाली आहे. प्रत्येक संगणकावर कायम राहून केंद्राचे आदेश घेणारा आणि केंद्राला माहिती कळवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, ज्याला सगळे 'एजंट' म्हणतात, त्याच्या बाबतीत 'तैनात केला' हा प्रयोग म्हणूनच अगदी योग्य आहे. ब्राउझर किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र तैनात होत नाही. ते बसवले जाते.

तरीही नामांपेक्षा क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. पोहोचवणे आणि पोहोचणे, बसवणे आणि बसणे, लावणे आणि लागणे या जोड्या मराठीत सहज उपलब्ध आहेत, आणि या कामातील सर्वांत महत्त्वाचा भेद त्या आपोआप दाखवतात. पहिल्या क्रियापदाचा कर्ता केंद्रात बसलेला माणूस आहे. दुसऱ्याची घटना दूरच्या संगणकावर घडते. केंद्राने पॅच (सॉफ्टवेअरमधील उणीव दूर करणारी दुरुस्ती) लावला म्हणून तो प्रत्येक ठिकाणी लागलाच असे नसते. फाइल पोहोचते पण डिस्कवर जागा नसते. सॉफ्टवेअर बसते पण जुनी आवृत्ती उघडी असल्यामुळे तीच चालू राहते. विंडोजचे कित्येक सुरक्षा-पॅच तर संगणक पुन्हा सुरू केल्याखेरीज अमलात येत नाहीत, आणि शाखेतला संगणक पुन्हा सुरू करायचे काम आठवडाभर कोणी करत नाही. 'डिप्लॉयमेंट पूर्ण' या दोन शब्दांत या सगळ्या अवस्था गडप होतात.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने २०१७ साली अनुभवले. विंडोजमधील एका उणिवेवरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी उपलब्ध करून दिला होता, आणि तो तातडीने लावावा अशा सूचनाही त्या सेवेच्या मध्यवर्ती डिजिटल विभागाने मार्च-एप्रिलमध्ये पाठवल्या होत्या. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम नेमकी तीच उणीव वापरून पसरला आणि रुग्णालये व अन्य आरोग्यसेवा चालवणाऱ्या २३६ स्थानिक संस्थांपैकी, म्हणजे 'ट्रस्टां'पैकी, किमान ८० ट्रस्टांच्या कामकाजावर परिणाम झाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात नोंदवले की दिलेल्या सूचनांचे पालन स्थानिक संस्थांनी केले की नाही, हे पाहण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था आरोग्य खात्याकडे त्या दिवसापर्यंत नव्हती. म्हणजे आदेश पोहोचला होता. पॅच अनेक ठिकाणी लागला नव्हता. आणि लागला नाही हे केंद्राला कळण्याचा मार्गच नव्हता.

यावरून ओघाने 'ऑडिट'कडे येऊ. 'लेखा' म्हणजे हिशेब, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक या घटनात्मक पदामुळे 'लेखापरीक्षण' हा शब्द पैशाच्या हिशेबाशी कायमचा जोडला गेला आहे. सॉफ्टवेअरच्या एका तपासणीला तो शोभतो: विकत घेतलेले परवाने किती आणि प्रत्यक्ष बसवलेल्या प्रती किती याचा मेळ घालणे. बाकीच्या कामाचे दोन भाग होतात, आणि दोन्हींना चांगले मराठी शब्द आहेत. कोणत्या संगणकावर काय काय आहे याची संपूर्ण यादी करणे ही मोजदाद. ते असायला हवे त्याप्रमाणे आहे का, हे ठरवलेल्या यादीशी ताडून पाहणे ही पडताळणी. आपल्याकडे शाळा आणि सरकारी कार्यालये जडवस्तूंची नोंदवही ठेवतात, तीत संगणक, टेबले, पंखे क्रमांकानिशी असतात. पण संगणकाच्या आत काय आहे हे त्या नोंदवहीला ठाऊक नसते.

मोजदाद आधी आणि पडताळणी नंतर, हा क्रम पुस्तिकेत ठळकपणे लिहावा. ९ डिसेंबर २०२१ रोजी 'लॉगफोरजे' या, जावा या संगणकभाषेतील प्रोग्रॅमांच्या नोंदी ठेवणाऱ्या, घटकातली गंभीर उणीव जगजाहीर झाली, तेव्हा दुरुस्त आवृत्ती लगेच मिळत होती. अडचण ही होती की तो घटक दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात दडलेला असे, त्यामुळे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या साध्या यादीत त्याचे नावच येत नसे. सॉफ्टवेअर कोणत्या घटकांचे बनले आहे याची यादी त्याच्याबरोबरच द्यावी, या मागणीला त्या हिवाळ्यात जोर आला. अशा यादीला 'घटकसूची' हा शब्द मला पुरेसा वाटतो.

हरकत

विवेचन पटते, परंतु प्रत्यक्ष काम करणारे तंत्रज्ञ 'डिप्लॉय केले', 'रोलबॅक मारला' (म्हणजे केलेला बदल मागे फिरवला) असेच बोलतात. पुस्तिकेत 'मोजदाद' लिहिले तर ते ती उघडणार नाहीत. शिवाय 'रोलबॅक'ला मराठी शब्द कोणता द्याल?

हरकतीस उत्तर

आपण म्हणता ते खरे आहे, आणि तंत्रज्ञांची भाषा बदलावी असा माझा आग्रह मुळीच नाही. डिप्लॉयमेंट, पॅच, एजंट, सर्व्हर हे शब्द खुशाल ठेवावेत, शीर्षकातही ठेवावेत. आग्रह आहे तो वाक्यातल्या क्रियापदाचा. 'डिप्लॉय केले' लिहिले तर 'डिप्लॉय झाले' याची वेगळी नोंद पुस्तिकेने मागितली पाहिजे.

'रोलबॅक'च्या बाबतीतही हाच भेद उपयोगी पडतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले, आणि भारतातल्या विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण कोलमडलेले संगणक धड सुरूच होत नव्हते, आणि सुरू झाल्याखेरीज त्यांना केंद्राकडून नवी फाइल मिळणे कठीण होते. त्यामुळे असंख्य ठिकाणी माणसाने प्रत्येक संगणकापाशी जाऊन ती फाइल काढावी लागली. केंद्राने केले ते 'मागे घेणे'. संगणकाचे 'पूर्ववत होणे' हे दुसरे काम, आणि त्याला दिवसच्या दिवस लागले. रोलबॅक हा शब्द ठेवाच, पण त्याखाली या दोन नोंदी स्वतंत्र असू द्याव्यात. ती फाइल प्रथम थोड्या संगणकांवर पाठवून, तिथे काय होते ते पाहून मगच पुढे धाडली असती, तर एवढी हानी झाली नसती. म्हणून डिप्लॉयमेंटच्या व्याख्येतच 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द असावा.

आणखी एक सूचना अहवालाच्या तक्त्याबद्दल. बहुतेक तक्त्यांत 'लागला' आणि 'लागला नाही' असे दोनच रकाने असतात. जो लॅपटॉप बंद आहे, घरी नेलेला आहे किंवा ज्याच्यावरील एजंट बंद पडला आहे, तो केंद्राला उत्तरच देत नाही, आणि असे संगणक कधी दुसऱ्या रकान्यात ढकलले जातात, तर कधी एकूण संख्येतूनच वगळले जातात. वगळले की टक्केवारी सुधारते आणि अहवाल खोटा ठरतो. त्यांच्यासाठी तिसरा रकाना हवा. त्याला शाळेच्या हजेरीपटातला 'गैरहजर' हा शब्द मी सुचवीन, आणि त्या रकान्यातील प्रत्येक संगणकापुढे त्याने शेवटचे उत्तर कोणत्या तारखेला दिले ते लिहावे.